दोरा सलामत

आमचे घरमालक आमच्याकडे चहा घेत नसत. पाणी घेत. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेआठला जिना चढून येत, दाराजवळच्या लाकडी खुर्चीच्या टोकावर टेकत, पेलाभर पाणी एका दमात पीत, भाडं घेत आणि जात. माझ्या बायकोनं पहिले चार-सहा महिने चहाचा आग्रह करून पाहिला. मग एकदा सरळच विचारलं, "काकाजी, आमच्या हातचा चहा चालत नाई काय तुमाले?"

"तसं नाई वं बाई," ते म्हणाले. "वसुलीले आलो न मी. वसुलीले आलेल्या माणसानं पाणी प्यावं. चहा पेला का तो पाहुणा झाला. अन् पाहुण्याले कोणी काही वापस देत नाई."

बायको हसली. मी नाही हसलो, कारण मला वाटलं म्हातारा चक्रम आहे. चक्रम तो होताच. पण त्या एका वाक्यात त्याची चाळीस वर्षांची विद्या होती, आणि ती एक दिवस माझ्या टकलासाठी खर्ची पडणार होती, हे मला तेव्हा कसं कळावं?

काकाजी गांधीबागेच्या कापडबाजारात साड्यांच्या एका दुकानात नोकरीला होते. त्या काळी लग्नघरातल्या सगळ्या बायकांना दुकानात येणं जमत नसे. मग दुकानातून वीस-पंचवीस साड्यांचं गाठोडं घरी पाठवत. पाहा, सगळ्यांना दाखवा, पसंत पडेल ती ठेवा, बाकीच्या अमुक दिवशी परत. अशा मालाला 'जांगड' म्हणत. प्रत्येक साडीच्या घडीला एक पांढरा दोरा बांधलेला असे. दोरा सलामत तर साडी परत. दोरा तुटला तर साडी पटली, पैसे मोजा. माल पोचवणारे दुकानात चार जण होते. परत आणणारे हे एकटेच. सगळी गांधीबाग त्यांना 'वापसीवाले' म्हणूनच ओळखायची.

"न्यायले कोणीबी जाते," ते सांगत. "घेतानी सगळेच हासून दार उघडते. वापस मागतानी त्याच दारात उभं राहून पाय म्हणा."

नोकरी सुटली, पण दोरा सुटला नाही. त्यांनी शेजाऱ्याला शिडी दिली तरी तिच्या वरच्या पायरीला दोरा बांधून देत. आम्हाला तर त्यांनी घरच जांगड दिलं होतं. भाड्याचं बोलणं करायला गेलो, तर म्हणाले, "आठ दिवस राहून पाय. पाणी पाय, शेजार पाय. नाई पटलं तं सामान उचल, एक पैसा नाई घेत." आणि वरच्या खोलीच्या कडीला त्यांनी दोरा बांधला. दोरा न तोडता दार अर्धंच उघडायचं. बायको आणि मी दोन दिवस तिरके होऊन घरात शिरत होतो. तिसऱ्या दिवशी गॅसचं सिलिंडर आत घेताना दोरा तुटला. खालून आवाज आला, "पटलं काय गा घर?"

फुकट या शब्दाशी त्यांचं वैर होतं. पेपरासोबत शाम्पूची पुडी चिकटून आली, तर दुसऱ्या दिवशी ती पेपरवाल्याला परत. भाजीवालीनं कोथिंबीर वरून टाकली, तर रुपया तिच्या तागडीत. "फुकट काही नसते गा. त्याची परतीची तारीख आपल्याले सांगत नाई, एवढंच." हे ते मला दहा वेळा तरी म्हणाले असतील. मी दहाही वेळा मान डोलावली. मान डोलवायला मला काही लागत नाही.

आता माझ्याबद्दल. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. मोजमाप अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी मी माल परत पाठवतो. तिथे माझा मोठा दरारा आहे. आणि याच माणसानं एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या मागे उभं राहून, मोबाइलवर एका टकल्या माणसाला तीन सेकंदांत केसाळ होताना पाहिलं.

कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर तीही फुकटची जाहिरात होईल. केस उगवणारं तेल होतं. 'चौदा दिवस मोफत वापरून पाहा. फक्त डिलिव्हरीचे नव्व्याण्णव रुपये.' त्या नव्व्याण्णव रुपयांसाठी क्रेडिट कार्डाचा नंबर हवा होता. खाली बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर होता, आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत 'मला मान्य आहे' अशी टिक त्यांनी आधीच करून ठेवली होती. मी मनात म्हटलं, किती सोय करतात बिचारे!

बाटली कारखान्याच्या पत्त्यावर आली. मी ती लपून लावायला लागलो. वय सदतीस, कपाळ दरवर्षी दोन बोटं वर सरकत चाललेलं. पण नवऱ्याला आपल्या टकलाची काळजी वाटते, हे बायकोला कळणं मला टकलापेक्षा वाईट वाटत होतं. चौदा दिवस संपले. केस आले नाहीत. पण काही दिवसांनी एक मोठा डबा आला. मला वाटलं, गिऱ्हाइकावर खूश होऊन पाठवला असेल. बँकेचा मेसेजही आला होता, पण त्यावरचं नाव भलतंच काहीतरी इंग्रजी तीन अक्षरांचं होतं, म्हणून मी रक्कम न पाहताच तो पेट्रोल पंपाचा समजून पुसून टाकला. डबा घरी न्यायची सोय नव्हती, म्हणून स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. महिना पुरा व्हायच्या आत दुसरा डबा आला, तेव्हा मात्र हे बक्षीस नव्हे हे कळलं. मी काय केलं? तोही डिक्कीत ठेवला. क्वालिटी विभाग!

हे सगळं उघड झालं ते शिलाई मशीनच्या दुकानात.

बायको घरी कपडे शिवायची. त्या वर्षी नवरात्रासाठी तिला अकरा घागऱ्यांचं काम मिळालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. अकराही जणींकडून तिनं ॲडव्हान्स घेतला होता, आणि त्या भरवशावर ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. त्या मशीननं कापडाची कड कापली जाते आणि लगेच बांधलीही जाते. हातानं तसं करायला एकेका घागऱ्याला दिवस लागतो. घटस्थापना तेरा दिवसांवर. आठवड्याच्या आत मशीन आलं तर काम होणार होतं. नाही आलं तर अकरा घरी जाऊन ॲडव्हान्स परत, आणि पुढल्या वर्षी कोणी विचारणार नाही. मशीनची किंमत साडेसतरा हजार. माझ्या कार्डाची मर्यादा वीस हजार. हिशेब तिनंच केला होता, आणि तो बरोबर होता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. तिनं मशीनवरून हात फिरवला. चार रिळं कशी लावायची, पातं कसं बदलायचं, सगळं विचारून घेतलं. मी रुबाबात कार्ड पुढे केलं.

"डिक्लाइन येऊन राहिलं, भाऊ," दुकानदार म्हणाला.

"पुन्हा करा. नेट स्लो असन तुमचं."

पुन्हा केलं. दुकानदार म्हणाला, "नेट नाई भाऊ, लिमिट. बॅलन्स पाहा न एकदा."

मी मोबाइल उघडला. तो बायकोनं माझ्या हातातून घेतला. चार हजार चारशे नव्व्याण्णव. खाली पुन्हा चार हजार चारशे नव्व्याण्णव. त्या भलत्या नावावर तिनं बोट ठेवलं आणि तिथल्या तिथे ते शोधून पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे न पाहता, सावकाश, माझ्या कपाळाच्या वर पाहिलं.

"केसाचं तेल?"

दुकानदार माणूस चांगला. तो रिळं मोजायला लागला.

घरी येईस्तोवर मी सगळं कबूल केलं, डबे कुठे ठेवले तेसुद्धा. स्कूटरच्या डिक्कीतले दोन्ही डबे तिनं स्वतः काढले आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाच्या दोन बाजूंना, समया मांडाव्यात तसे मांडले. मी त्यांच्या मधे बसून वरणभात खाल्ला.

रविवारी सकाळी ती खाली गेली, काकाजींना सांगायला, की या महिन्याचं भाडं चार दिवस उशिरा मिळेल. दहा मिनिटांत काकाजी तिच्या मागे जिना चढून आले. त्या दिवशी एक तारीख नव्हती. पण ते त्याच खुर्चीच्या टोकावर टेकले आणि म्हणाले, "पाणी दे वं."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढलं. कापडात इंचाला किती दोरे आहेत ते मोजायचं भिंग. ते कायम त्यांच्याजवळ असे. मला वाटलं डबे पाहणार. ते उठले, माझ्या मागे आले, आणि ते भिंग त्यांनी माझ्या टाळूवर टेकवलं.

"इंचाले बारा," म्हणाले. "लय विरळ सूत आहे. याच्यावर कोणतंच तेल चालत नाई."

बायको आत गेली. स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आता सांग," काकाजी पुन्हा बसत म्हणाले. "परतीची तारीख काय होती?"

"मले माहीत नाई."

"जांगड माल उचलला, अन् तारीख नाई विचारली? अन् कार्डाचा नंबर काहून दिला?"

"डिलिव्हरीसाठी, काकाजी. नव्व्याण्णव रुपयेच होते."

"अरे, नव्व्याण्णव त्यायले पाहिजेच नव्हते. नंबर पाहिजे होता! आमच्या दुकानात गिऱ्हाईक दोरा तोडत होतं. इथं दुकानदारानंच तोडून पाठवला. हो कोणी म्हणलं होतं?"

"'मान्य आहे'ची टिक त्यायनंच आधी करून ठेवली होती."

"वा रे बहाद्दर! अन् आता तिसऱ्या महिन्याची वाट पाहून राहिला काय? पहिले दार लाव. मग भांडू."

दार लावणं म्हणजे काय, ते त्यांनी मला माझ्याच मोबाइलवर शिकवलं. त्यांना मोबाइल कळत नव्हता, पण दुकानदार कळत होता. बँकेच्या ॲपमध्ये मी एकेक पान उघडत गेलो आणि ते विचारत गेले. "हे आंतरराष्ट्रीय काय आहे? तू कोणत्या मुलखात जाऊन राहिला? बंद कर." बंद केलं. "हे दर महिन्याचं काय आहे?" तो त्या कंपनीला मी दिलेला कायमचा हुकूम होता, की दर महिन्याला न विचारता पैसे कापा. मी तो दिल्याचं मला आठवत नव्हतं, पण तिथे माझ्याच नावानं तो आरामात पहुडला होता. "खोड त्याले." खोडला. मग कंपनीच्या पानावर जाऊन वर्गणी रद्द करायची जागा शोधली. घ्यायचं बटण होतं केवढं तरी मोठं, हिरवंगार. सोडायचं बटण शोधायला तेरा मिनिटं लागली. ते करड्या पानावर करड्या अक्षरांत होतं. दाबलं. 'तुम्हाला खात्री आहे?' दाबलं. 'आम्हाला तुमची आठवण येईल.' दाबलं. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा, असा हुकूम होता. "पोच पाहिजे गा. तोंडाची वापसी, वापसी नसते."

मग त्यांनी डबे हातात घेतले. चारी बाजूंनी फिरवले. झाकणावरच्या सीलबंद पट्टीवरून अंगठा फिरवला. आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"उघडले नाई तू?"

"नाई. ही घरी होती न. भेव वाटलं."

"वा! दोरा सलामत आहे गा! दोन्हीचा सलामत आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भित्रेपणाचं कोणीतरी कौतुक केलं.

डब्याच्या बुडाशी मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं होती. काकाजींनी त्यावर भिंग टेकवलं आणि बायकोला हाक मारली, "ये वं, वाच. याच्यावर भरवसा नाई माया." तिनं वाकून वाचलं. हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत, पट्टी न काढलेला डबा परत घेतला जाईल आणि पूर्ण रक्कम मिळेल. तिनं मोबाइलवर तारीख पाहिली. पहिला डबा येऊन अठ्ठावीस दिवस झाले होते. दुसरा आला त्याला जेमतेम दोन.

"दोन दिवस आहे अजून," काकाजी उठले. "चाल. वसुलीले जाऊ."

"कुठं, काकाजी? त्यायचं दुकान नाई. फोन नाई. नुसतं च्याट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण लिहायचं, तिकडून उत्तर येते."

"म्हणजे ओसरी आहे न. बस तं मग ओसरीवर."

आम्ही खाली त्यांच्या ओट्यावर बसलो. दहा वाजले होते. काकाजींनी नियम सांगितले. वाक्य एकच. चिडायचं नाही, रडायचं नाही, टकलाची गोष्ट सांगायची नाही. 'माल पाहिला. नको. न उघडलेले दोन डबे घेऊन जा, पैसे परत करा.' ते काहीही म्हणोत, आपण हेच.

मी लिहिलं. लगेच उत्तर आलं: "नमस्कार! मी तुमची केशसखी. तुमच्या केसांच्या प्रवासात मी कायम सोबत आहे."

"ही कोण आहे?"

"ही बाई नाई, काकाजी. यंत्र आहे."

"असू दे. काही घरी पहिले कुत्रं भुंकत होतं, मग मालक येत होता. पुन्हा लिव्ह."

मी पुन्हा लिहिलं. केशसखीनं मला कांद्याच्या रसाचे फायदे सांगितले. पुन्हा लिहिलं. तिनं मला शांत झोप घ्यायला सांगितलं. माझी चिडचिड व्हायला लागली. काकाजी मात्र मांडीवर हात ठेवून, समोर कोणीतरी खरंच बसलं असावं असे मोबाइलकडे पाहत होते. दर वेळी एकच म्हणत, "हूं म्हण, अन् तेच लिव्ह." अकराव्यांदा की बाराव्यांदा केशसखी हरली आणि तिच्या जागी एक माणूस आला.

"सर, तुम्ही आमचे खास ग्राहक आहात. पुढच्या तीन डब्यांवर वीस टक्के सूट देऊ का?"

मी काकाजींना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. "चहा देऊन राहिला. घेऊ नको."

मी तेच वाक्य लिहिलं.

"सर, पन्नास टक्के सूट, आणि लाकडी कंगवा मोफत."

"आता चहासोबत पोहे ठेवले. घेऊ नको."

कंगव्याचा मला क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. बारा दोऱ्यांसाठी कंगवा! पण लिहिलं तेच.

"सर, आम्ही तुमची वर्गणी तीन महिने थांबवून ठेवतो. पैसे कापणार नाही. मग तुम्ही निवांत ठरवा."

"बाप्पा! मुक्काम करा म्हणून राहिला! मुक्काम केला का सकाळी तोच इचारन, कोण गा तुमी? नाई. लिव्ह."

लिहिलं. मग बराच वेळ तिकडून काही आलं नाही. नुसते तीन ठिपके हलत होते. ऊन ओट्यावरून पायरीवर उतरलं. बायकोनं वरून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण पेले दोन होते.

ठिपके हलत असताना काकाजींनी ती गोष्ट सांगितली.

"एका घरी सहा साड्या जांगड गेल्या होत्या. साधं घर. बाप गिरणीत. मी आणाले गेलो, तं माय चहा घ्या, चहा घ्या करून राहिली. मी पाणी पेलो अन् साड्या मोजल्या. सहाच्या सहा. पण एका साडीची गाठ आमच्या दुकानाची नव्हती. आमची गाठ मी डोळे मिटून ओळखतो. घडी जराशी उलगडली, तं आतून अक्षताचा एक दाणा पडला."

"मग?"

"मग काय? पोरीले पाहाले पाहुणे आले असन. नेसाले धड साडी नसन. मी मायले विचारलं, जमलं काय? तिनं मान खाली घातली. तशीच हलवली, हाव म्हणून. मी तो दोरा काढला, खिशातला आपला दोरा बांधला, अन् सेठले सांगतलं, माल सलामत आहे."

"तुम्ही सेठशी खोटं बोलले, काकाजी?"

"चाळीस वर्षांत एकदा." त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. "पण त्या मायनं लाजून मान खाली घातली होती गा. हे पाय. याले लाज कुठं आहे? लिव्ह."

दुपारी दोन वाजता उत्तर आलं. "सर, आमच्या नियमानुसार हे उत्पादन परत घेता येत नाही."

मी खचलो. काकाजी खूश झाले. "आता घरचा मालक बाहेर आला. आता दाखव त्याले त्याचाच कागद."

डबा उलटा केला. बुडावर भिंग ठेवलं. भिंगातून, एकेका अक्षराचा वाटाणा झालेला, तो फोटो बायकोनं काढला. तिला त्यासाठी वरून बोलावलं होतं. तो फोटो, दोन्ही डब्यांच्या पट्ट्यांचे फोटो, डबे आल्याच्या तारखा, सकाळचे रद्द केल्याचे पुरावे, सगळं पाठवलं. खाली तिनं स्वतःहून एक ओळ टाकली: 'उद्या हेच सगळं बँकेत लेखी देणार आहोत.' काकाजींनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "ही असती न दुकानात, तं मले नोकरीच नसती भेटली."

चार वाजायला दहा मिनिटं असताना मेसेज आला. उद्या माणूस येऊन डबे नेईल. तपासणीनंतर दोन्ही रकमा कार्डावर परत. तक्रारीचा नंबर अमुक.

मी ओरडलोच. काकाजी नाही ओरडले. "अजून गठ्ठा दुकानात नाई पोचला," ते म्हणाले. "फोटो काढ."

सोमवारी कुरिअरवाला डबे घेऊन गेला. काकाजींनी त्याची पावती घेतल्याशिवाय त्याला फाटक ओलांडू दिलं नाही. जाण्याआधी दोन्ही डब्यांना त्यांनी पांढरा दोरा बांधला होता. जेवणाच्या सुट्टीत मी हिंगण्याहून बँकेत गेलो, तर हे सायकलनं आधीच तिथे पोचलेले. अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी तो घेतला. काकाजींनी दुसरी प्रत पुढे सरकवली. "याच्यावर शिक्का, मॅडम." त्या म्हणाल्या, "काका, ऑनलाइन नोंद झालीय." ते म्हणाले, "हाव न. शिक्का पण द्या." शिक्का मिळाला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. घरात कात्रीचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. तिनं घागरे कापून ठेवले होते. अकरा गठ्ठे भिंतीशी रांगेत, कड बांधायची वाट पाहत बसलेले. मी त्यांच्यासमोरून पाय न वाजवता जात असे.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात असताना मेसेज आला. चार हजार चारशे नव्व्याण्णव जमा. बायको फोन उचलणार नाही, म्हणून मी काकाजींच्या घरच्या फोनवर केला.

"आले, काकाजी! आले!"

"दोन्ही?"

"एका डब्याचे."

"गाठोडी दोन गेली होती," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी तीनला दुसऱ्याचे आले. मी सुपरवायझरला, वॉचमनला, एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरला सांगितलं. ट्रक ड्रायव्हरनं माझ्या डोक्याकडे पाहून विचारलं, "तेल अच्छा था क्या?"

शनिवारी मशीन आलं. या वेळी दुकानदारानं कार्ड लावलं, आणि त्या यंत्रातून पावती अशी सरसरत बाहेर आली, की दुकानदारासकट आम्ही तिघांनी ती डोळे भरून पाहिली. ऑटोतून मशीन घरी आणताना बायको त्याच्यावर एक हात ठेवून बसली होती. मी ड्रायव्हरशेजारी. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या. मी विनाकारण त्यांना हात हलवला.

मशीन खिडकीशी मांडलं. तिनं चारी रिळं लावली, पहिल्या घागऱ्याची कड पात्याखाली घातली आणि पाय दाबला. सर्रकन वीतभर कड बांधून बाहेर आली. मग हातभर. मग पूर्ण घेर. काकाजी दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी पुढे येऊन त्या कडेवर भिंग टेकवलं, आणि इंचातले टाके मोजले.

"याले कोणी वापस नाई करत," शेवटी म्हणाले.

बायकोचा चेहरा लाल झाला. "बसा काकाजी. पाणी आणते."

"थांब." त्यांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्याकडे वळले. "हात दे बे."

मी हात दिला. त्यांनी मनगटाभोवती दोरा गुंडाळला आणि आपली ती दुकानाची गाठ मारली.

"हा माल चौदा दिवस तुयाजवळ जांगड," ते माझ्या बायकोला म्हणाले. "वापरून पाय. सूत विरळ आहे, रंगबी उतरला आहे, अन् बारीक अक्षर वाचत नाई. नाई पटला तं दोरा सलामत ठेव. मी येऊन घेऊन जाईन."

बायकोनं मशीन थांबवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आधी डोक्याकडे, मग खाली डोळ्यांकडे. घागऱ्याखालून कात्री काढली. माझं मनगट पकडलं, आणि कच्कन दोरा कापला.

काकाजींनी त्या दिवशी खुर्चीचं टोक सोडलं. पाठ टेकून, पाय लांब करून, ऐसपैस बसले.

"चाल," ते म्हणाले. "आता वसुली संपली. चहा टाक वं."